वाईनचे शब्द साहेबांचे नाहीत, आपल्या बांधावरचे आहेत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली भांडणं नकोत. ही पोस्ट कुणाला प्यायला सांगण्यासाठी नाही आणि कुणाची सोडवण्यासाठीही नाही. विषय आहे शब्दांचा. ब्रिक्स, टॅनिन, ड्राय, बॉडी, व्हिंटेज, रिझर्व्ह. हे शब्द आपल्या जिल्ह्यात रोज वापरले जातात. द्राक्षाच्या करारात असतात, बाटलीच्या लेबलवर असतात, टेस्टिंग रूममध्ये पाहुण्यांना ऐकवले जातात आणि अधूनमधून विधानसभेपर्यंतही जातात. ज्याच्या बागेतून ही द्राक्षं जातात त्याला मात्र ते कुणी समजावून सांगत नाही. माझं म्हणणं असं की हे न समजण्याची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजणारा बहुतेक वेळा आपलाच माणूस असतो.

नाशिक, दिंडोरी, निफाड हा पट्टा द्राक्षाचा. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि इथे वायनरी उभ्या राहू लागल्या. आज आपल्याकडे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे नाव आपल्या मातीचं. मग भाषा परकी का?

सुरुवात बागेपासूनच करू.

फ्रेंचमध्ये एक शब्द आहे, वेरेझों. वाईनच्या कोर्सला गेलेली पोरं तो फार रुबाबात म्हणतात. अर्थ काय? कडक हिरवा मणी मऊ पडायला लागतो, रंग धरतो, गोडी भरायला लागते, तो टप्पा. याला आपल्याकडचा कुठलाही द्राक्ष बागायतदार काय म्हणतो? ‘मण्यात पाणी उतरलं.’ झालं. फ्रेंच शब्दाला तोडीस तोड, आणि डोळ्यांना जे दिसतं तेच सांगणारा. शाळेत न गेलेल्या आजोबांनाही तो माहीत आहे. पण टेस्टिंग रूममध्ये ‘पाणी उतरणं’ म्हटलं की गावठी आणि ‘वेरेझों’ म्हटलं की तज्ज्ञ.

दुसरा शब्द ब्रिक्स. हा तर आपल्याला पाठच आहे. शंभर ग्रॅम रसात विरघळलेले घन पदार्थ किती ग्रॅम, ते म्हणजे ब्रिक्स. द्राक्षाच्या रसात त्यातला बहुतेक भाग साखरेचा असतो. खायची द्राक्षं आपण साधारण १६ ते १८ ब्रिक्सला तोडतो. वाईनची द्राक्षं २२ ते २४ पर्यंत थांबवतात. का? कारण यीस्ट ही साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. ढोबळ हिशोब असा की ब्रिक्सच्या निम्म्याहून थोडं जास्त अल्कोहोल मिळतं. २२ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला तर साधारण १२ टक्के, २४ चा आंबला तर १३ च्या आसपास.

आता यातला पैशाचा भाग बघा. करारात ब्रिक्सची अट असते. पण ब्रिक्स मोजायचा कुठल्या मण्याचा? घडाच्या वरच्या बाजूचे मणी शेंड्याच्या मण्यांपेक्षा गोड असतात. उन्हातला घड सावलीतल्या घडापेक्षा गोड. तोडणीआधी पाऊस झाला किंवा पाणी जास्त सुटलं की ब्रिक्स खाली येतो. रिफ्रॅक्टोमीटर आधी शुद्ध पाण्यावर शून्याला लावून घेतला नसेल तर आकडाच चुकतो. म्हणजे एकाच बागेत, एकाच सकाळी, कुणी नमुना घेतला आणि कसा घेतला यावर दोन ब्रिक्सचा फरक सहज पडू शकतो. नमुना कसा घ्यायचा हे करारात लिहिलेलं नसेल तर मग तो आकडा शेतकऱ्याचा की खरेदीदाराचा?

मागे एका शेतकऱ्याने मला त्याचा करार दाखवला. सगळा इंग्रजीत. खाली सही मराठीत. मी विचारलं, ‘दादा, यातलं काय कळलं?’ म्हणाला, ‘ब्रिक्स कळलं आणि रक्कम कळली. बाकी त्यांच्यावर विश्वास.’ विश्वास चांगलाच असतो. पण त्या ‘बाकी’मध्ये पीएच होता, आम्लता होती, एकरी उत्पादनाची मर्यादा होती आणि माल नाकारण्याच्या अटीही होत्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच.

पीएचचं काय? द्राक्ष जसं पिकतं तशी गोडी वाढते आणि आंबटपणा उतरतो. आपल्याकडच्या उन्हात तो जरा लवकरच उतरतो. आम्लता उतरली की पीएच वर जातो. वाईन करणाऱ्याला तो साधारण ३.२ ते ३.६ च्या दरम्यान हवा असतो. त्याच्या वर गेला तर वाईन लवकर बिघडते, लाल वाईनचा रंग मरगळतो आणि गंधकाचा संरक्षक म्हणून उपयोगही कमी होतो. म्हणजे ‘अजून चार दिवस थांबा, ब्रिक्स वाढू द्या’ असं सांगून मग ‘पीएच वाढला’ म्हणून माल परत करता येतो. तोडणीची तारीख ठरवणारा एक आणि नुकसान सोसणारा दुसरा, असं होता कामा नये. पीएच म्हणजे काय हे माहीत असलेला शेतकरी तिथल्या तिथे विचारेल, ‘थांबायला तुम्ही सांगितलंत ना? मग तसं लिहून द्या.’

तिसरा मुद्दा, एकरी उत्पादन. खायच्या द्राक्षाचं गणित आपल्याला पक्कं माहीत आहे. जीए, डिपिंग, विरळणी, मणी टपोरा, साल पातळ, बी नको. वाईनचं उलटं. मणी बारीक, साल जाड, बी असलेलं, आणि वेलीवर घड कमी, म्हणजे रसात दम येतो. साल जाड का हवी? कारण लाल वाईनचा रंग सालीत असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पिळला तर तो जवळजवळ बिनरंगाचाच निघतो. सालीसकट आंबवला की लाल, काही तास सालीत ठेवून काढला की गुलाबी, म्हणजे रोझे. हे कळलं की दुसरी गोष्ट आपोआप कळते. खरेदीदार घड कमी ठेवायला सांगतो तेव्हा तो दर्जा मागत असतो, आणि आपलं टनेज कमी होत असतं. दर्जा हवा तर त्याचा भाव दरात दिसला पाहिजे. नुसती किलोवर बोली करून चालणार नाही.

आता बाटलीकडे येऊ. इथे तर फारच गंमत आहे.

ड्राय. शब्दशः ‘कोरडी’. पातळ वस्तू कोरडी कशी असेल? अर्थ साधा आहे. साखर जवळजवळ सगळी आंबून गेली, गोडवा उरला नाही, ती ड्राय. आपल्याकडे कितीतरी जण पहिल्यांदा ड्राय वाईनचा घोट घेतात आणि म्हणतात, ‘खराब झालीय, आंबट लागतेय.’ खराब नसते. द्राक्षापासून केलेली म्हणून गोड असणार, ही आपली अपेक्षा असते. ‘फ्रूटी’ म्हणजे गोड, हाही असाच गैरसमज. फ्रूटी म्हणजे फळाचा वास. साखरेचा त्याच्याशी संबंध नाही.

टॅनिन. याच्यासाठी तर मराठीत सोन्यासारखा शब्द आहे, तुरट. आपल्या सहा रसांत तो पहिल्यापासून आहे. कच्ची सुपारी, कच्चं केळं, जांभूळ, जास्त उकळलेला चहा. जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, तेच टॅनिन. द्राक्षाच्या साली-बियांतून येतं. ज्यांच्या भाषेत रोजच्या चवींत तुरट नाही, त्यांना हे समजवायला मोठमोठे परिच्छेद लिहावे लागतात. आपल्याला जांभूळ म्हटलं की पुरे.

अ‍ॅसिडिटी. आपल्याकडे अ‍ॅसिडिटी म्हणजे छातीत जळजळ आणि मेडिकलमधली गोळी. वाईनमध्ये अ‍ॅसिडिटी म्हणजे आंबटपणा, ज्याने तोंडाला पाणी सुटतं. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतलंही तेच. बाटलीच्या तळाशी कधी काचेसारखे खडे दिसतात, ते याच आम्लाचे क्षार. काही बिघडलेलं नसतं, कुणी काच घातलेली नसते.

बॉडी. सायीचं दूध आणि साय काढलेलं दूध, दोन्ही तोंडात घेऊन बघा. जो फरक जाणवतो तीच बॉडी. तोंडाला भरीव लागणं. अल्कोहोल, साखर, टॅनिन यांनी ती वाढते.

फिनिश. घोट गिळल्यावर चव किती वेळ मागे राहते ते. चांगलं गाणं संपल्यावर सूर कानात राहतो तसं.

कॉर्क्ड. बुचातल्या एका संयुगामुळे वाईनला कुबट वास लागतो. पावसाळ्यात भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं किंवा ओलं गोणपाट आठवा. अशी बाटली परत करण्यात काहीच गैर नाही. पण शब्द माहीत नसला की गिऱ्हाईक गप्प बसतं, आणि वेटरही गप्प बसतो.

सल्फाइट. लेबलवर हा शब्द वाचून लोक घाबरतात. निर्यातीच्या द्राक्षाच्या पेटीत आपण जो गंधकाचा पॅड ठेवतो, त्याचं हे भावंड. काम तेच, बिघाड रोखायचं. काही लोकांना, विशेषतः दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, म्हणून लेबलवर लिहितात.

व्हिंटेज. जुनी, उंची वगैरे काही नाही. द्राक्षं ज्या वर्षी तोडली ते वर्ष. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आपली जानेवारी ते मार्चच्या आसपास. कारण आपण वर्षात दोन छाटण्या करतो आणि फळ कोरड्या थंडीत पिकवतो. म्हणजे एकाच सालाची नाशिकची बाटली फ्रान्सच्या बाटलीहून सहा-आठ महिन्यांनी मोठी. हेही कुणी सांगत नाही.

रिझर्व्ह. हा शब्द सांभाळून वाचा. स्पेनमध्ये लाल वाईनला ‘रेझर्वा’ लिहायचं तर तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं किमान एक वर्ष लाकडी पिंपात. अमेरिकेत याच शब्दाला कायद्याने ठरलेला काही अर्थ नाही. म्हणजे एकाच शब्दाला एका देशात नियम आहे आणि दुसऱ्या देशात ती नुसती जाहिरात. जादा पैसे मोजण्याआधी विचारा, ‘रिझर्व्ह म्हणजे नेमकं काय केलंत?’

आणि ते पोर्ट. गोव्याला जाऊन आलेला प्रत्येक जण पिशवीत एक बाटली आणतो. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातली. आंबणं चालू असतानाच त्यात द्राक्षाचं कडक मद्य घालून आंबणं थांबवतात, म्हणून गोडवा राहतो आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. शॅम्पेनचंही तसंच. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातली तीच शॅम्पेन. बाकी सगळ्या फसफसणाऱ्या वाईन.

आता कुणी म्हणेल, हे सगळं श्रीमंतांचे चोचले. आपल्याला काय करायचंय?

तर ऐका. ही वासांची भाषा मुळात चोचल्यांसाठी नव्हतीच. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात अ‍ॅन नोबल नावाच्या संशोधक होत्या. त्यांनी १९८० च्या दशकात वासांचं एक चक्र तयार केलं. उद्देश हा की ‘भारदस्त’, ‘नाजूक’, ‘राजेशाही’ असले मोघम शब्द टाकून द्यायचे आणि ढोबळी मिरची, काळी मिरी, मध असे कुणालाही ओळखता येतील असे शब्द वापरायचे. म्हणजे भाषा सगळ्यांची व्हावी हाच हेतू. त्यामागे शास्त्रही आहे. सोव्हिन्यों ब्लांला ढोबळी मिरचीसारखा वास येतो, कारण ढोबळीतलं वासाचं संयुग त्या द्राक्षातही असतं. शिराझला मिरीचा वास येतो, कारण मिरीतलं संयुग त्यातही असतं. हे कवितेतलं रूपक नाही, रसायन आहे.

गडबड कुठे झाली? चक्र तिकडचं, फळंही तिकडची. आपल्याकडची पोरं ‘गूजबेरी’ पाठ करतात. कुणी विचारलं तर आवळा सांगतात. ती गूजबेरी म्हणजे आपला आवळा नव्हे आणि रसभरीही नव्हे. युरोपातलं वेगळंच झुडूप आहे ते. सांगणाऱ्याने ते फळ खाल्लेलं नाही, बहुतेक ऐकणाऱ्यानेही नाही. दोघंही मान डोलावतात. याच पोराला पेरू, करवंद, जांभूळ, कोकम, चिंच, ओल्या मातीचा वास डोळे मिटून ओळखता येतो. त्याचं नाक अगदी तयार आहे. फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही की हेही शब्द चालतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? एक बाजू म्हणाली, वाईन म्हणजे दारू नाही. दुसरी बाजू म्हणाली, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अडकला. त्या सगळ्या गोंधळात बाटलीवरचा एक साधा आकडा वाचून दाखवणारे फार थोडे होते.

तो आकडा आपण वाचू. वाईनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल धरा. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात शुद्ध अल्कोहोल झालं साडेएकोणीस मिलिलिटर. व्हिस्की ४२.८ टक्के, तिच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये झालं पावणेतेराच्या आसपास. म्हणजे वाईनच्या एका ग्लासात व्हिस्कीच्या छोट्या पेगच्या दीडपट अल्कोहोल. संपूर्ण ७५० मिलिलिटरची बाटली म्हणजे साडेसात छोटे पेग. हे गणित सातवीतला मुलगाही करेल. ‘वाईन म्हणजे द्राक्षाचा रस’ म्हणणाऱ्याने एकदा हे करून बघावं. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलंय. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की मद्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येणार नाही. ‘हृदयाला चांगली असते’ म्हणून रोज घेणाऱ्यांनी हेही वाचावं.

म्हणून मला वाटतं, दोन्ही बाजूंनी आपल्याला अर्धंच सांगितलं. वाईन हे मद्यच आहे, आणि ती शेतीतून येते हेही खरं आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं. ‘शेतकऱ्याचं भलं होईल’ हा मुद्दा पुढे केला गेला. पण राज्यातल्या एकूण द्राक्षांपैकी वाईनकडे जाणारा वाटा अगदी थोडा आहे. आणि तो थोडा वाटाही मंदीत पहिला मार खातो. २००८ नंतर मागणी घसरली तेव्हा वाईनच्या बागांवर कुऱ्हाड चालवणारे शेतकरी याच जिल्ह्यात होते. वाईनची द्राक्षं बाजार समितीत नेऊन खायची म्हणून विकता येत नाहीत. बी असलेला बारीक मणी कोण घेणार? खरेदीदाराने पाठ फिरवली की शेतकऱ्याकडे दुसरं दार नसतं. म्हणूनच त्याला शब्द कळणं जास्त गरजेचं आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक. वाईन द्राक्षाचा करार मराठीत हवा. ब्रिक्स, पीएच, आम्लता यांचा अर्थ करारातच लिहिलेला हवा. नमुना किती वेलींचा, घडाच्या कुठल्या भागाचा, किती वाजता घेणार, हेही.

दोन. मोजणी बांधावर, शेतकऱ्यासमोर. आकड्याची चिठ्ठी तिथेच, सहीनिशी. तोडणीची तारीख खरेदीदार ठरवणार असेल तर तारीख पुढे ढकलल्याने झालेलं नुकसानही त्याचंच.

तीन. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण, गोड की बिनगोड, आणि आरोग्याचा इशारा मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात.

चार. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि द्राक्ष बागायतदार संघ यांनी मिळून या शब्दांची छोटी मराठी पुस्तिका गावोगाव पोचवावी. त्यात ‘वेरेझों’च्या पुढे ‘पाणी उतरणं’ असं ठळक छापावं.

टेस्टिंग रूममध्ये काम करणाऱ्या आपल्या पोरापोरींना एक सांगणं. पुढच्या वेळी मुंबईचा पाहुणा विचारेल, ‘व्हॉट अ‍ॅम आय टेस्टिंग?’ तेव्हा बिनधास्त सांगा, ‘साहेब, जांभळासारखं तुरट आहे.’ त्याला नाही कळलं तर जांभूळ दाखवा.

तुमच्या गावात द्राक्षाच्या, रसाच्या, आंबण्याच्या कामात वापरले जाणारे आणखी कुठले शब्द आहेत? खाली लिहा. घरातल्या जुन्या माणसांना विचारून लिहा. मी यादी करतोय. आणि ज्यांचा करार या हंगामात व्हायचाय, त्यांनी सही करण्याआधी तो एखाद्या जाणत्या माणसाकडून मराठीत वाचून घ्या. घाई खरेदीदाराला असते. सही तुमची असते.